पेचोरा नदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या नद्या म्हटलं की डॅन्यूब, ऱ्हाईन, फार तर व्होल्गा आठवते. पेचोराचं नाव आपल्या शालेय नकाशात एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं आणि तिथेच राहतं. रशियाच्या उत्तरेला, उरल पर्वताच्या पायथ्याशी, जंगलातून वाहत थेट ध्रुवीय समुद्राला मिळणारी ही नदी आहे. युरोपातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या नद्या अडवल्या गेल्या, पेचोराचा मुख्य प्रवाह मात्र अजून अखंड आहे. म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटलं. भूगोलाचे विद्यार्थी, नकाशे चाळणारे आणि नद्यांवर प्रेम करणारे वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पेचोरा युरोपात आहे की सायबेरियात?

युरोपात. उरल पर्वत ही युरोप आणि आशियाची सीमा मानली जाते आणि पेचोराचं सगळं खोरं या पर्वताच्या पश्चिमेला आहे. तिथली थंडी, जंगल आणि विरळ वस्ती पाहून पुष्कळांना ती सायबेरियातली नदी वाटते. खोऱ्याचा बहुतेक भाग रशियाच्या कोमी प्रजासत्ताकात येतो आणि शेवटचा टप्पा नेनेट्स स्वायत्त प्रदेशात. पश्चिमेला तिमान नावाची जुनी, झिजलेली डोंगररांग, पूर्वेला उरल आणि मधे सखल, दलदलीचा पेचोरा मैदानी प्रदेश, अशी साधारण रचना आहे.

नदी किती मोठी आहे?

लांबी सुमारे १,८०९ किलोमीटर आणि खोरं सुमारे ३ लाख २२ हजार चौरस किलोमीटर. मराठी वाचकाला हा आकडा कळायला गोदावरी हाताशी आहे. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर आणि खोरं सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे दोन्ही खोरी जवळपास सारखीच. पेचोरा वर्षाला सरासरी १३० घन किलोमीटरच्या आसपास पाणी समुद्रात नेते. पाण्याच्या हिशेबाने युरोपात व्होल्गा आणि डॅन्यूबनंतर तिचाच नंबर लागतो.

साम्य इथे संपतं. गोदावरीच्या खोऱ्यात कोट्यवधी माणसं राहतात. पेचोराच्या काठाने कित्येक किलोमीटर गेलं तरी एक गाव लागत नाही. गोदावरी पावसावर जगते आणि जुलै ते सप्टेंबर या काळात भरून वाहते. पेचोरा बर्फावर जगते. तिचं वर्ष कसं चालतं, ते पुढे पुराच्या प्रश्नात येईलच.

उगम कुठे होतो?

उत्तर उरलच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटर उंचीवर, दगडगोट्यांमधून झिरपणाऱ्या एका लहानशा ओढ्यात. हिमनदी नाही, मोठं सरोवर नाही. उंच कड्यावरून कोसळणारा धबधबाही नाही. उगमाचा परिसर पेचोरा-इलिच या राखीव अरण्यात येतो.

याच भागात, उरलच्या धारेवर, तीन मोठ्या खोऱ्यांचा तिठा आहे. एका बाजूला पडलेला पाऊस पेचोरातून बॅरेंट्स समुद्राला जातो, दुसऱ्या बाजूचा कामा आणि व्होल्गामार्गे कॅस्पियनला, तिसऱ्या बाजूचा ओब नदीतून कारा समुद्राला. सह्याद्रीच्या धारेवर एका उताराचं पाणी अरबी समुद्राला आणि दुसऱ्या उताराचं बंगालच्या उपसागराला जातं, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे त्यात तिसरी दिशाही आहे, आणि त्यातली एक वाट तर कोणत्याच महासागराला मिळत नाही.

उगमाजवळचे ते दगडी खांब कोणते?

मान-पुपु-न्योर. पेचोरा आणि तिची उपनदी इलिच यांच्या मधल्या पठारावर सात एकाकी दगडी सुळके उभे आहेत, ३० ते ४२ मीटर उंचीचे. एके काळी इथे डोंगर होता. वारा, पाणी आणि गोठण-वितळण यांनी मऊ खडक खाऊन टाकला आणि कठीण शिस्ट खडकाचे हे सुळके तेवढे राहिले. मान्सी हे उरलकडचे मूळ रहिवासी ही जागा पवित्र मानतात. आपल्या माणसांवर चालून आलेले राक्षस इथे दगड होऊन पडले, अशी त्यांची कथा आहे आणि तिच्या अनेक आवृत्त्या आहेत. २००८ साली रशियात सात आश्चर्यांसाठी मतदान झालं, त्यात या खांबांची निवड झाली. तेव्हापासून लोक हेलिकॉप्टरने येऊ लागले. माझ्या मते असल्या जागी पायी जाण्याची अट असावी. वरचं पठार नाजूक आहे, पायाखाली चिरडलेलं शेवाळ भरून यायला वर्षं लागतात.

उगमापासून मुखापर्यंत नदी कशी वाहते?

समुद्र उत्तरेला असला तरी पेचोरा सुरुवातीला दक्षिणेकडे निघते. पहिला टप्पा डोंगरी आहे. अरुंद पात्र, खळाळ, दोन्ही बाजूंना गर्द जंगल. उन्या नावाची उपनदी मिळाल्यावर ती पश्चिमेला वळते आणि याक्शा या गावाजवळ डोंगर मागे टाकून उत्तरेकडे तोंड करते. याक्शाजवळ कामा नदीचं खोरं अगदी लागून आहे. मधला जलविभाजक इतका सखल, की शेकडो वर्षं व्यापारी तिथून माल ओढत नेत. चेर्दिन गावचे व्यापारी पीठ, मीठ, कापड पेचोरावर आणत आणि मासे, कातडी घेऊन परत जात. ही सखल जागा लक्षात ठेवा, कालव्याच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

याक्शानंतर नदी मैदानात उतरते. इलिच मिळते, त्रोइत्स्को-पेचोर्स्क मागे पडतं, पुढे वुक्तिल लागतं. उरलवरून येणारी श्चुगोर उजवीकडून मिळते. मग पेचोरा शहर, जिथे रेल्वे नदी ओलांडते. पात्र रुंद होत जातं, बेटं आणि वाळूचे पट्टे दिसू लागतात. उतार फारच कमी, त्यामुळे नदी दिशा बदलत, सावकाश जाते.

उस्त-उसा इथे सगळ्यात मोठी उपनदी उसा येऊन मिळते आणि पेचोरा एकदम थोराड होते. इथून समुद्र अजून सुमारे ७५० किलोमीटरवर. सरळ उत्तरेला गेली असती तर वाट कितीतरी कमी झाली असती. पण नदी इथे पश्चिमेला वळते आणि प्रचंड कमान घेत, इझ्माला सोबत घेऊन उस्त-त्सिल्मापर्यंत जाते. तिथे पिझ्मा आणि त्सिल्मा मिळतात. मग पुन्हा वळण, आणि आता मात्र नदी उत्तरेची वाट शेवटपर्यंत सोडत नाही. ती आर्क्टिक वृत्त ओलांडते, जंगल खुरटत जातं, झाडं नदीकाठापुरती उरतात, पुढे टुंड्रा सुरू होतो. नार्यान-मारनंतर प्रवाह असंख्य फाट्यांत विभागतो. त्रिभुज प्रदेश सुमारे ४५ किलोमीटर रुंद आहे. शेवटी पेचोरा उपसागर आणि त्यापलीकडे पेचोरा समुद्र, जो बॅरेंट्स समुद्राचा आग्नेय भाग आहे.

एवढी मोठी वळणं कशामुळे?

दोन कारणं सांगता येतात. एक, खालच्या खडकांची रचना आणि मैदानातल्या बुटक्या टेकड्यांच्या रांगा. नदीला जिथे खोलगट जागा मिळाली तिथून ती गेली. दुसरं कारण बर्फयुगांचं. उत्तरेच्या समुद्रावरून हिमस्तर अनेकदा या मैदानावर चढून आले. साधारण ८० ते ९० हजार वर्षांपूर्वी तर या हिमस्तराने पेचोराची उत्तरेची वाट बंद केली आणि तुंबलेल्या पाण्याचं एक विशाल सरोवर तयार झालं. भूशास्त्रज्ञ त्याला कोमी सरोवर म्हणतात. बर्फ मागे हटल्यावर नदीने त्या गाळातून, हिमोढांच्या म्हणजे बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांमधून वाट काढली. आज दिसणाऱ्या पात्राला त्या काळाचा हात लागला आहे.

त्याच बर्फाळ काळात इथे माणूसही होता, आणि मला या नदीची ही गोष्ट फार थोर वाटते. उसा नदीच्या काठी मामोंतोवाया कुर्या इथे दगडी हत्याराच्या खुणा असलेला मॅमथचा सुळा सापडला, वय सुमारे ४० हजार वर्षं. पेचोराच्या काठी बिझोवाया इथेही पुराश्मयुगीन वस्ती मिळाली आहे. आर्क्टिक वृत्ताच्या इतक्या जवळ, इतक्या जुन्या काळात माणूस पोचला, हे कळल्यावर संशोधकांना जुने नकाशे बदलावे लागले.

उपनद्यांमध्ये काही फरक आहे का?

फार मोठा. उरलवरून येणाऱ्या नद्या दगडगोट्यांवरून धावतात आणि त्यांचं पाणी काचेसारखं असतं. श्चुगोर त्यांत सगळ्यात प्रसिद्ध. सुमारे ३०० किलोमीटर लांबीची ही नदी चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून वाट काढते आणि खोल डोहाचाही तळ दिसतो. पश्चिमेकडच्या सपाट, दलदलीच्या भागातून येणाऱ्या नद्यांचं पाणी तपकिरी असतं, कोऱ्या चहासारखं. हा मळ नव्हे. शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून झिरपताना पाण्यात सेंद्रिय द्रव्यं उतरतात, त्यांचा तो रंग. उसा ५६५ किलोमीटर लांब असून तिचं खोरंच ९३ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. ती ध्रुवीय उरल आणि टुंड्राचं पाणी आणते. इझ्मा ५३१ किलोमीटर, तिमान रांगेकडची.

नदी कधी गोठते आणि पूर कधी येतो?

ऑक्टोबरच्या अखेरीपासून नदीवर बर्फ धरू लागतो आणि मग सहा-सात महिने पात्रावर पांढरा थर असतो. जानेवारीचं सरासरी तापमान उणे १७ ते २० अंशांच्या घरात, थंडीची लाट आली तर उणे ४० किंवा त्याहून खाली. या काळात नदी हाच रस्ता होतो. बर्फावर वाहनांसाठी वाट आखतात आणि उन्हाळ्यात होडीशिवाय न पोचता येणाऱ्या गावांना ट्रक जातात. बर्फाखाली प्रवाह चालूच असतो, पण बारीक. जमिनीत मुरलेलं पाणी तेवढं येतं.

मे महिन्यात सगळं उलटतं. हिवाळाभर खोऱ्यात साठलेला बर्फ काही आठवड्यांत वितळतो आणि वर्षाच्या पाण्याचा मोठा वाटा या एकाच लोंढ्यात निघून जातो. आता इथे दिशेचा प्रश्न येतो. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. दक्षिणेला वसंत आधी येतो, म्हणून वरच्या अंगाचा बर्फ आधी फुटतो. तो वाहत खाली येतो तेव्हा खालचं पात्र अजून घट्ट गोठलेलं असतं. फुटलेल्या लाद्या त्या बर्फावर, वळणांवर आणि बेटांशी अडकतात, एकमेकींवर चढतात आणि बघता बघता नदीत बर्फाचाच बांध तयार होतो. मागचं पाणी तुंबून कित्येक मीटर वर चढतं आणि काठच्या गावांत शिरतं. बांध फुटला की तेच पाणी लाद्यांसकट खाली धावतं. जाड झाडंही या लाद्या सोलून काढतात. खालच्या भागातला बर्फ निघायला मे संपून जूनही उजाडतो.

आपल्याकडे पूर म्हणजे आभाळातून पडणाऱ्या पाण्याचा हिशेब. पेचोरावर पाऊस अजिबात नसताना, निरभ्र उन्हाच्या दिवशी पूर येतो. उलट जितकं ऊन कडक तितका पूर मोठा. जुलैनंतर पाणी उतरतं, शरद ऋतूत पावसामुळे थोडं पुन्हा वाढतं आणि मग गोठण्याची वेळ येते.

काठचं जंगल कसं आहे?

तैगा, म्हणजे सूचिपर्णी अरण्य. स्प्रूस मुख्य. त्याबरोबर सायबेरियन फर, पाइन, लार्च, बर्च, आणि वरच्या खोऱ्यात खाण्याजोग्या बिया देणारा सायबेरियन पाइन. युरोपची आणि सायबेरियाची झाडं इथे एकत्र भेटतात. प्राण्यांचंही तसंच. युरोपातला मार्टेन आणि सायबेरियातला सेबल या दोन लहान शिकारी प्राण्यांचे प्रदेश इथे एकमेकांवर येतात आणि दोघांचा संकर झालेला किदुस नावाचा प्राणीही इथे आढळतो. तपकिरी अस्वल, मूस हरीण, वुल्व्हरिन, लांडगा, बीव्हर हे इथले इतर रहिवासी.

पेचोरा-इलिच राखीव अरण्य १९३० साली स्थापन झालं. १९५१ साली सोव्हिएत सरकारने देशभरच्या राखीव अरण्यांवर कुऱ्हाड चालवली, त्यात याचंही क्षेत्र प्रचंड घटलं. १९५९ साली बराचसा भाग परत मिळाला. आज ते सुमारे ७,२०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या उत्तरेला १९९४ साली युगिद-वा राष्ट्रीय उद्यान झालं. १९९५ साली युनेस्कोने दोन्ही मिळून कोमीची अस्पर्श अरण्यं या नावाने जागतिक वारसा यादीत घेतली. क्षेत्र सुमारे ३२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दशांशाहून थोडं अधिक. रशियातलं हे यादीत आलेलं पहिलं निसर्गस्थळ. युरोपात कुऱ्हाड न लागलेलं एवढं मोठं जंगल दुसरीकडे उरलेलं नाही. तरी त्यावरचं संकट टळलेलं नाही. उद्यानाच्या उत्तर भागात सोन्याचा साठा आहे आणि तिथे खाण काढण्यासाठी सीमा बदलण्याचे प्रयत्न वारंवार झाले. युनेस्कोने त्याला स्पष्ट विरोध केला आहे.

जंगलाचा नदीशी संबंध शोभेपुरता नाही. झाडांच्या सावलीत बर्फ हळूहळू वितळतो. शेवाळाचा जाड थर पाणी धरून ठेवतो आणि नंतर सावकाश सोडतो. जिथे सरसकट तोड होते तिथे वितळणं घाईने होतं, पूर उंच चढतो, काठ ढासळतात आणि माशांच्या अंडी घालण्याच्या जागांवर गाळ बसतो.

याक्शामध्ये मूस हरणं पाळतात, हे खरं का?

हो. १९४९ साली येवगेनी क्नोर्रे यांच्या देखरेखीखाली तिथे प्रायोगिक फार्म सुरू झालं. दलदल आणि खोल बर्फ यांत घोडा अडकतो, मूस आरामात चालतो, म्हणून ओझ्यासाठी आणि दुधासाठी हा प्राणी माणसाळवता येईल का, हा प्रश्न होता. पिल्लांना जन्मापासून माणसाच्या हाताने दूध पाजलं तर ती लळा लावतात, दिवसभर जंगलात चरून परत येतात आणि माद्या दूधही देतात, हे सिद्ध झालं. बंदिस्त गोठ्यात मात्र ती टिकत नाहीत. त्यांना जंगलाचा विविध पाला लागतो. फार्ममुळे घोड्याची जागा मुसाने घेतली नाही, पण या प्राण्याबद्दल जी माहिती मिळाली ती अनमोल आहे.

मासे कोणते मिळतात?

अटलांटिक सॅमन हा पेचोराचा मानाचा मासा. या माशाच्या प्रदेशाचं पूर्वेकडचं टोक जवळपास इथेच येतं. उन्हाळ्याच्या अखेरीस तो समुद्रातून नदीत शिरतो, हिवाळा नदीतच बर्फाखाली काढतो आणि पुढच्या शरद ऋतूत अंडी घालतो. एवढ्या काळात तो खात नाही. अंगातल्या चरबीवर हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करत तो श्चुगोर, इलिच आणि पेचोराच्या वरच्या टप्प्यापर्यंत पोचतो. एकही मोठं धरण वाटेत नाही म्हणूनच हे शक्य होतं. व्होल्गावरच्या स्टर्जन माशांची वाट धरणांनी कशी तोडली, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या मोकळ्या वाटेचं मोल वेगळं सांगायला नको. दुर्दैवाने चोरट्या मासेमारीने सॅमनची संख्या खूप घटली आहे. याशिवाय ग्रेलिंग, व्हाइटफिश, नेल्मा, पाइक आहेत. ताइमेन हा मोठा, शिकारी मासाही आहे, पण तो इतका दुर्मीळ झाला आहे की त्याला पकडायला बंदी आहे.

धरण का झालं नाही? आणि अणुस्फोटाची गोष्ट खरी आहे?

दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यायला हवं. सोव्हिएत काळात असा विचार बळावला की उत्तरेच्या नद्यांचं पाणी ध्रुवीय समुद्रात जातं म्हणजे वाया जातं. दुसरीकडे कॅस्पियनची पातळी घसरत होती आणि दक्षिणेच्या शेतीला पाणी हवं होतं. मग पेचोराच्या मधल्या टप्प्यावर धरण बांधून प्रचंड जलाशय करायचा आणि पाणी कामा-व्होल्गाकडे वळवायचं, असे आराखडे झाले. जंगल, गावं, कुरणं पाण्याखाली जाणार होती. याक्शाजवळचा तो सखल जलविभाजक आता अभियंत्यांच्या नजरेत भरला. तिथून कालवा खणायचा, आणि खणायला अणुबाँब वापरायचे.

२३ मार्च १९७१ रोजी तैगा या सांकेतिक नावाने चाचणी झाली. पेर्म प्रांताच्या उत्तरेला, वास्युकोवो गावाजवळ, १२७ मीटर खोलीवर तीन अणुस्फोटकं एका रांगेत ठेवून एकाच वेळी उडवली. प्रत्येक १५ किलोटनांचं, म्हणजे साधारण हिरोशिमावर टाकलेल्या बाँबएवढं. आराखड्यानुसार पुढे असे अडीचशे स्फोट करायचे होते. तिथली जमीन मऊ आणि ओली असल्याने खड्डा अपेक्षेपेक्षा उथळ झाला. लांबी सुमारे ७०० मीटर, रुंदी साडेतीनशेच्या आसपास, खोली १० ते १५ मीटर. किरणोत्सर्गी धूळ देशाच्या सीमेबाहेर पोचल्याचं इतर देशांनी टिपलं, आणि १९६३ च्या चाचणीबंदी कराराने नेमकी त्यालाच मनाई होती. प्रयोग तिथेच थांबला. खड्ड्यात पाणी साचलं. आज ते अणुसरोवर म्हणून ओळखलं जातं, काठी झाडं वाढली आहेत, आणि किरणोत्सर्ग काही ठिकाणी अजूनही मोजता येतो.

नद्या वळवण्याची कल्पना मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं कागदावर जिवंत होती. शास्त्रज्ञ आणि लेखकांनी उघड विरोध केला. १९७८ पासून कॅस्पियनची पातळी आपोआप वाढू लागली, तेव्हा मूळ युक्तिवादच लंगडा झाला. शेवटी ऑगस्ट १९८६ मध्ये हे काम अधिकृतपणे थांबवलं गेलं. नदीचं पाणी समुद्रात जाऊन वाया जातं, हे वाक्य आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. ते बोलणाऱ्या प्रत्येकाने पेचोराच्या मुखाचा नकाशा एकदा पाहावा. गोड्या पाण्याने आणि गाळाने पोसलेला तो सगळा त्रिभुज प्रदेश आणि समुद्रकिनारा मासे, पक्षी आणि रेनडिअर पाळणाऱ्या नेनेट्स लोकांचं घर आहे.

काठावर कोण राहतं?

वरच्या आणि मधल्या खोऱ्यात कोमी, मुखाकडे नेनेट्स, आणि जुन्या वसाहतींमध्ये रशियन. कोमी लोकांमधला इझ्माकाठचा समाज रेनडिअर पाळण्यात इतका तरबेज, की १८८० च्या दशकात त्यांतली काही कुटुंबं कळपांसह पार कोला द्वीपकल्पापर्यंत गेली. उस्त-त्सिल्मा १५४२ साली वसलं. रशियन चर्चमधल्या सुधारणा ज्यांनी नाकारल्या ते जुन्या श्रद्धेचे लोक पुढे इथे आश्रयाला आले. जुलैत तिथे गोरका नावाचा उत्सव होतो. आजीकडून नातीकडे आलेले जरीचे पोशाख घालून बायका हातात हात धरून संथ फेर धरतात.

मुखाजवळचं पुस्तोझेर्स्क १४९९ साली वसलं. आर्क्टिक वृत्तापलीकडचं हे पहिलं रशियन नगर. जुन्या श्रद्धेचे पुढारी धर्मगुरू अव्वाकुम यांना इथे जमिनीतल्या खोपटात चौदा वर्षांहून जास्त डांबून ठेवलं आणि १६८२ साली तीन साथीदारांसह जिवंत जाळलं. पुढे नदीच्या फाट्याचं पात्र उथळ झालं, व्यापार दुसरीकडे गेला आणि विसाव्या शतकात गाव ओस पडलं. आता प्रदेशाची राजधानी नार्यान-मार आहे, १९३५ साली शहराचा दर्जा मिळालेलं बंदर.

रेल्वे, कोळसा आणि तेल यांचा नदीवर काय परिणाम झाला?

उसाच्या खोऱ्यात, वोर्कुता इथे १९३० साली कोळसा सापडला. तो आणण्यासाठी १९३७ नंतर रेल्वे टाकली गेली. १९४१ च्या अखेरीस गाड्या वोर्कुतापर्यंत पोचल्या. हे काम सोव्हिएत छावण्यांतल्या कैद्यांनी केलं. उपासमार, थंडी आणि आजार यांनी असंख्य माणसं या मार्गावर मेली. पेचोरा शहर त्या छावण्यांतूनच उभं राहिलं. इथल्या निसर्गाचं कितीही कौतुक केलं तरी ही माणसं विसरून या नदीबद्दल लिहिता येत नाही.

तेल तर फार जुनं. इझ्माची उपनदी उख्ता हिच्या पात्रात तेल तरंगताना दिसे आणि १७४० च्या दशकात फ्योदोर प्र्यादुनोव्ह यांनी तिथे ते गोळा करायला सुरुवात केली. १९६० नंतर वुक्तिलचा वायू आणि उसिन्स्कचं तेल आलं. १९९४ साली उसिन्स्कजवळच्या गंजलेल्या नळवाहिनीतून दीर्घकाळ झिरपलेलं तेल अडवणारा मातीचा बांध पावसात फुटला आणि तेल कोल्वा, उसा यांच्यामार्गे पेचोरापर्यंत गेलं. किती तेल सांडलं याचे अंदाज एकमेकांपासून फार दूर आहेत. थंडीत तेल कुजत नाही, दलदलीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, म्हणून इथली गळती उष्ण प्रदेशातल्या गळतीपेक्षा जास्त घातक.

पेचोराचा महाराष्ट्राशी काही संबंध?

पक्ष्यांचा आहे. १८७५ साली हेन्री सीबोम आणि जॉन हार्वी-ब्राउन हे दोन पक्षिनिरीक्षक घसरगाड्यांवरून उस्त-त्सिल्माला पोचले, बर्फ फुटण्याची वाट पाहत थांबले आणि मग होडीने मुखापर्यंत गेले. ग्रे प्लोव्हर आणि लिटल स्टिंट या पक्ष्यांची घरटी त्यांना तिथल्या टुंड्रावर मिळाली. लिटल स्टिंट म्हणजे आपला छोटा टिलवा. चिमणीएवढा हा पक्षी ध्रुवीय टुंड्रावर पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्यात आपल्या ठाणे खाडीच्या, शिवडीच्या चिखलावर, गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वर आणि जायकवाडीच्या काठांवर थव्याने दिसतो. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन तिथे गेलात तर तो हमखास भेटेल.

नकाशावर पेचोरा पाहायची असेल तर सुरुवात कुठून करू?

उपग्रह नकाशावर आधी नार्यान-मार शोधा आणि तिथून प्रवाहाच्या उलट दिशेने या. मुखाकडून आलं की फाट्यांच्या जाळ्यातून मुख्य प्रवाह ओळखण्याची सवय होते. उस्त-त्सिल्मापाशी डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळा. उस्त-उसापाशी चूक होऊ शकते, कारण पूर्वेकडून येणारी उसाही तितकीच ठसठशीत दिसते. तिथे दक्षिणेची वाट धरा. याक्शानंतर नकाशा मोठा करत जावा लागेल. वेगवेगळ्या महिन्यांची चित्रं उघडता आली तर मेच्या शेवटच्या आठवड्यातली अवश्य पाहा. दक्षिणेला गडद पाणी, उत्तरेला पांढरं पात्र आणि त्यांच्यामधे तुटलेल्या लाद्यांचा पट्टा एकाच चित्रात सापडतो. प्रत्यक्ष जायचं झालं तर राखीव अरण्यात शिरायला परवानगी आधी घ्यावी लागते, आणि जून-जुलैत डासांचा बंदोबस्त हा सामानातला पहिला विषय असतो.